चमचाभर कोलेस्टेरॉलचा कबुलीजबाब

माझं नाव निघालं की लोक ताटातला हात मागे घेतात. तोच मी, कोलेस्टेरॉल. पण तुमच्या रक्तातला नव्हे. प्रयोगशाळेतल्या तपकिरी बाटलीच्या तळाशी उरलेली चमचाभर पांढरी पूड. आज बोलतोय ते कौतुक करून घ्यायला नाही. इथे संशोधन करणाऱ्या ताईंवर माझ्यामुळे नको तो ठपका आला, ते सांगायचंय.

माझा जन्म मेंढीच्या लोकरीतला. लोकर धुताना निघणाऱ्या चरबीतून मला वेगळं काढलं, पांढराशुभ्र केलं. माझी बांधणी बघा: चार कड्या एकमेकींना चिकटलेल्या, एका टोकाला शेपूट, दुसऱ्या टोकाला पाण्याकडे ओढ घेणारी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. या बांधणीचा मला भारी तोरा होता.

ताईंचं काम याच बांधणीवर चाललेलं. जेवणानंतर आपल्या रक्तात चरबीचे बारीक कण फिरतात ना, तसे कण ताई काचेच्या भांड्यात तयार करायच्या. कणाच्या सालीत मला बसवायच्या, ते उंदराच्या शिरेत सोडायच्या आणि दर काही मिनिटांनी रक्त तपासून किती कण उरले ते लिहायच्या. माझी बांधणी धड असली, की यकृत ते कण पटापट उचलून घेई.

बाटली संपत आली, तरी मी तळाशी दोन वर्षं पडून होतो. झाकण सैल राहिलेलं. हवा लागत राहिली आणि एक दिवस मधल्या कडीवर ऑक्सिजन येऊन बसला. दिसायला मी तसाच पांढरा, पण आतून बदललो होतो. मला ते कळलं होतं.

नवी बाटली आली तेव्हा काकांनी, म्हणजे इथल्या जुन्या मदतनिसांनी, मला चमच्याने खरवडून तिच्यात ओतलं. घरच्या डब्यांचंही ते असंच करायचे. "टाकून कशाला द्यायचं? चांगलंच तर आहे," स्वतःशीच म्हणाले. मला ओरडता येत नाही, हे खरं. पण फेकला गेलो नाही म्हणून मला बरं वाटलं, हे त्याहून खरं.

मी नव्या पुडीच्या वर पसरलो. साहजिकच ताईंच्या चमच्यात आधी मीच आलो. दहा मिनिटांत नाहीसे होणारे कण अर्धा तास झाला तरी रक्तात रेंगाळू लागले. ताईंनी प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच. उंदरांनाही उगाच सुया बसल्या.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी कागद चाळले. "तुमचा हात स्थिर नाही. सुई शिरेत नीट जात नसणार."

"सुई बरोबर होती, सर."

"मग आकडे का फिरले? सोमवारपासून हे काम दुसऱ्याकडे द्या."

चार वर्षांची मेहनत, आणि खापर हातावर फुटलं. ताई रडल्या नाहीत. त्यांनी बारीक काचनळीत मला चिमूटभर घेतलं आणि तापवलं. शुद्ध पूड ठरलेल्या तापमानाला एकदम वितळते. मी त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडायला लागलो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

"काका, या बाटलीत तुम्ही काही घातलंत का?"

काकांनी फडक्याला हात पुसले. "जुनं उरलेलं घातलं, ताई. वाया जाईल म्हणून."

"मला सांगायचं तरी."

"सांगण्यासारखं काही केलंय असं वाटलंच नाही हो."

ताईंनी सरांकडे काकांचं नाव घेतलं नसतं. काका स्वतःच गेले. काम ताईंकडेच राहिलं. वीस वर्षं काकांच्या कमरेला असलेली कपाटाची किल्ली मात्र सरांनी काढून घेतली. बाटली पुरी फेकली; सुक्याबरोबर ओलंही जळतं. मला तेवढं ताईंनी छोट्या कुपीत ठेवलं आणि चिठ्ठी लावली: 'बिघडलेलं. मुद्दाम ठेवलं आहे.' बांधणी बदलली की कण रक्तात किती रेंगाळतात, हे त्या आता माझ्यावरच मोजणार आहेत.

मला काम मिळालं. काका मात्र हल्ली रिकामं खोकं फेकतानाही विचारतात, "ताई, हे टाकू ना?" कागदाच्या बोळ्यालासुद्धा विचारतात. ताई हो म्हणतात आणि दुसरीकडे बघतात.

तुमच्यापैकी कुणी या खोलीत आलंच, तर काकांना माझा निरोप द्या. म्हणावं, पूड बदलली होती हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. पुडीला ठाऊक होतं.