उंबऱ्यावर राहिलेलं नाव

लग्न होऊन सासरी आले, तेव्हा नणंदांनी दार अडवलं. नवऱ्याचं नाव घे, मगच माप ओलांडायचं. माझी दातखीळच बसली. शेवटी सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, तशीच आत ओढून घेतली. लाजेनं जीभ अडली होती, दुसरं काही नाही. पण आमच्या यांच्या मनानं भलतंच घेतलं.

"नाव घ्याजोगा न्हाय व्हय मी?" सगळा फाल्गुन यांचं हेच. मी मान हलवायची, पण नाव म्हटलं की एकांतातही ओठ उघडत नसत. हसरा माणूस गप्प गप्प राहायला लागला. मला ते बघवत नव्हतं.

महाराजांच्या राज्यात तेव्हा कोल्हापुरात सायकली बोटावर मोजण्याइतक्या. यांनी कुणा साहेबाची मोडकी सायकल आणून नीट केली, आणि चैत्रातल्या एका दुपारी म्हणाले, "चल चिमणे, समुद्र दावतो."

"आन् घाट कोण उतरणार?"

"रंकाळ्याला जायचं. आमचा समुद्र त्योच की!"

माझं माहेर आजऱ्याचं. मामानं खरा समुद्र बघितलेला, त्यामुळं तळ्याला समुद्र म्हणून मला कुणी फसवणार नव्हतं. पण सायकलीवर बसायला मिळत असताना वाद कोण घालतंय! लुगडं खोचलं आणि मागं बसले. सगळी गल्ली दारात आली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना.

वेशीपर्यंत ऊन भाजत होतं. वेस ओलांडली आणि आभाळ काळं झालं, वारा सुटला, तोंडात धूळ गेली. पुढं उतार. सायकल अशी सुटली, की मी मागून यांचा सदरा घट्ट धरला, आणि गंमत म्हणजे तो वेग मला आवडला. तेवढ्यात गारा! टपाटप डोक्यावर, पाठीवर. समोर रंकाळा दिसला. त्यात खरोखरच लाटा उसळत होत्या, आणि वाटेत आडव्या म्हशी.

"अवो, ब्रेक धरा की!"

"लागंना!"

"अवो! अवोऽऽ!"

म्हशी जवळ आल्या. मी डोळे मिटून किंचाळले, "पिराजी! अवो पिराजीराव, थांबा!"

कच्चकन सायकल थांबली. म्हशीचं शिंग हातभर पुढं. काठावर धुणं धुणाऱ्या बाया खो खो हसायला लागल्या.

मी उतरले. "ब्रेक लागत न्हवता न्हवं?"

"लागतोय की." मिशीत गारा अडकलेल्या, डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू. "लई दिस वाट बघितली ग."

मी त्यांच्या पाठीत दोन गुद्दे घातले. मग मलाच इतकं हसू आलं, की चिखलात फतकल मारून बसले. ऊन परत पडलं. काठावर गारा वितळत होत्या.

"चल, घरला जाऊया," हे म्हणाले. "आई वाट बघत आसंल."

मी उठून सायकलीचं तोंड चढाकडं फिरवलं.

"पिराजीराव," मी म्हटलं, "आनी एकदा उतारावरनं."