बादलीतले दोन तुकडे

प्लाय घ्यावा की बोर्ड, या एका प्रश्नाने ठकूच्या डोक्याचा पार भुगा केला होता. स्वयंपाकघरातली कपाटं ती काय, पाच! पण दुकानदार म्हणे बोर्ड घ्या, गुळगुळीत असतो, मशीनवर कापून तयार मिळतो. शेजारीण म्हणे, चुकूनही घेऊ नकोस, आमचा सिंकखाली फुगला. नवरा म्हणे, तू म्हणशील ते. म्हणजे उपयोग शून्य.

शेवटी तिने बाबांना विचारलं. बाबा म्हणजे चाळीस वर्षं रंधा मारलेला सुतार. बोर्डाला ते लाकूडच मानत नसत, "दाबलेला भुसा" म्हणून नाक मुरडायचे. यांचं उत्तर तरी ठरलेलं असणार, असं तिला वाटलं.

"बोर्ड घे," बाबा म्हणाले.

थट्टा करतायत की काय! ठकूने दोन्हींचे तुकडे आणून बादलीत भिजत टाकले. दोन दिवसांनी बोर्ड टम्म फुगला होता, प्लायला काहीच झालं नव्हतं. बादली तिने बाबांच्या पुढ्यात आदळली.

"आता बोला!"

"बोर्डच घे. मशीनवर कापून देतात, सुतार लागत नाही."

"कमाल आहे! माझ्या लग्नापासून कोण म्हणतंय, तुझं स्वयंपाकघर मीच करणार म्हणून?"

कानावरची पेन्सिल काढून बाबांनी प्लायचा एक कोरडा तुकडा गुडघ्यावर घेतला आणि पूर्वीसारखी, पट्टी न लावता रेघ ओढली. निम्म्यात हात थरथरला आणि रेघ खाली घसरली.

"बघ गं, सरळ आहे का?"

आपण पंधरा दिवस विचारत काय होतो आणि हे उत्तर कशाचं देत होते! आता हो म्हणावं की नाही, तेही ठकूला कळेना.

"नाही, बाबा," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

"मग? म्हणून म्हणतोय, बोर्ड घे."

"प्लायच आणायचा," डोळे पुसत ती म्हणाली. "कापून दुकानातून घेऊ. जोडणार मी, तुम्ही सांगाल तसं."

"तुला साधा स्क्रू तरी पिळता येतो का?"

"नाही."

"मग कठीण आहे," बाबा म्हणाले, आणि पेन्सिल त्यांनी तिच्या कानावर खोचली.