बरणीला आलेला संशय

मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझे घटक सांगते: वाळू, सोडा, चुना आणि भट्टीतला जाळ. माझ्यात लपवण्यासारखं काही नाही, मित्रांनो. म्हणूनच लपवणाऱ्यांचा मला संशय येतो.

तरुणपणी माझ्यात साखर असायची. घरातले सगळे माझ्याकडे धावायचे. पुढे झाकणाला पोचा आला आणि माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. ते राहू दे. बाबांचं सांगते.

बाबांचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी बजावलं, "मीठ कमी करा, नाहीतर झटका येईल." चष्म्याच्या दुकानात कामाला जाणाऱ्या सूनबाईने मिठाचा डबाच कुलपात ठेवला. बाबांच्या तोंडाला विरंगुळा म्हणून मला खाली काढलं आणि माझ्यात बटाट्याच्या कुरकुरीत चकत्या ओतल्या. 'तळलेल्या नाहीत, भाजलेल्या!' असं पाकिटावर ठळक छापलं होतं. पाकीट रिकामं झालं, की थेट कचऱ्यात. या घराची रीतच तशी.

रक्तदाब काही उतरेना.

"बाबा, खरं सांगा. चोरून मीठ खाता ना?"

"अगं, मी काय मांजर आहे? तुझ्या कुलपाची शपथ!"

सूनबाईला बाबांचा संशय. बाबांना डॉक्टरांचा. मला माझ्याच पोटाचा. पण बरणीला विचारतो कोण?

एकदा मोठं पाकीट आलं. मी काठोकाठ भरले, तरी चकत्या उरल्या. पाकीट दुमडताना सूनबाईची नजर मागच्या बारीक अक्षरांवर गेली. सोडियम, म्हणजे मिठातलं रक्तदाब वाढवणारं तेच, अगदी थोडं. ती हसली. मग हसू विरलं. तो आकडा एका वेळच्या खाण्याचा होता, तीस ग्रॅमचा. तिने काट्यावर तेवढ्या चकत्या तोलल्या. जेमतेम मूठभर!

"बाबा, तुम्ही एका वेळी किती खाता?"

"टीव्ही बघता बघता? अर्धी बरणी... कधी जरा जास्त."

सूनबाईने काटा बाजूला सारला. "म्हणजे मिठाला कुलूप लावलं आणि मीच तुम्हाला मीठ भरवत होते."

"आणि चोर मी!"

"चुकलं, बाबा."

मित्रांनो, पाकीट पुढून लाडीगोडी लावतं, खरं ते पाठीमागे पुटपुटतं. तिथे आधी बघा. पाकीटवाल्यांची मूठ आणि तुमची मूठ एकच आहे का, तेही तपासा. आणि माझ्यासारखीच्या पोटात काही ओताल, तेव्हा मागचा मजकूर कापून सोबत ठेवा. आमच्या काचेवर काही छापलेलं नसतं.

आज नवं पाकीट आलंय. बाबा ते उलटं धरून, भुवया आवळून वाचताहेत. पुढच्या बाजूला एक हसरं कुटुंब छापलंय. मी मघापासून त्या कुटुंबाकडे बघतेय. त्यांतलं एकही माणूस पाकिटातलं काही खात नाही.