तान्ह्या पोळ्याची तारीख

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कळंबहून राळेगावला जाताना कपाशीच्या वावरांमधून एक गाव लागतं. त्या गावच्या वाचनालयात, खिडकीपाशी, माझं टेबल आहे. माझ्या कळांवरची अक्षरं झिजून गेली आहेत. बटण दाबलं की मी आधी खोकतो आणि मग उजळतो.

मी काही एका जागी घडलो नाही. यवतमाळच्या एका दुकानात कुणाचा पडदा, कुणाची मेमरी असं एकेक जोडून मला उभं केलं, गोधडी शिवावी तसं. सरकीच्या पोत्यांना टेकून टेम्पोतून मी गावात आलो. नारळ फुटला, हळदीकुंकू लागलं. पोरं माझ्याभोवती जमायची, एकमेकांना कोपरानं ढकलायची. मग घरोघरी फोन आले आणि गर्दी ओसरली. माझ्या अंगावर जुन्या लुगड्याचा तुकडा पडला. तो दर उन्हाळ्यात थोडा विटायचा आणि मी त्याखाली गप्प असायचो.

मला जागं केलं ते जमनीनं. जमनी जवळच्या तांड्यातली, कॉमर्स शिकलेली. आमच्या भागात काही लेकरांना सिकलसेलचा आजार असतो, त्यांना रक्त लागतं. जमनीनं रक्तदान शिबिरांतली माणसं माझ्याकडे नोंदवली. नाव, गाव, फोन, रक्तगट आणि शेवटचं रक्तदान कधी केलं ती तारीख. मला प्रश्न कसा विचारायचा हे तिनं पुंडलिकरावांना शिकवलं. पुंडलिकराव म्हणजे वाचनालय सांभाळणारे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आवाज खणखणीत आणि बोट एकच, तेही कळेवर आपटणारं.

दिवाळी होऊन गेली होती. कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी गावातल्या विमलताई धापा टाकत वाचनालयात आल्या. त्यांची लेक खुशी, सिकलसेलचीच, यवतमाळला दवाखान्यात होती. तिचं रक्त फार खाली गेलं होतं. ओ निगेटिव्ह हवं होतं आणि रक्तपेढीत ते नव्हतं. संध्याकाळच्या आत कुणीतरी आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"भाऊजी, तुमच्या डब्ब्यात पाहा ना कोणी हाये का!"

"पाह्यतो, पाह्यतो. तू आधी पाणी पे."

पुंडलिकराव माझ्यासमोर बसले. त्यांनी बरोबर विचार केला होता. गावचं शिबिर तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, झालं होतं. त्याला अजून तीन महिने भरले नव्हते, म्हणजे त्या दिवशी रक्त दिलेली माणसं चालणार नव्हती. म्हणून त्यांनी मला विचारलं, रक्तगट ओ निगेटिव्ह असलेला आणि शेवटचं रक्तदान तान्ह्या पोळ्याच्या आधी केलेला माणूस कोण?

मी अडलो. पडद्यावर पाटी आली, 'सिंटॅक्स एरर, मिसिंग ऑपरेटर'. मांडणी चुकली आहे, दोन शब्दांमधला दुवा सापडत नाही, असा तिचा अर्थ. खाली ते दोन शब्दही मी लिहून दाखवले होते. पण पाटी वाचायला धीर कुणाला? त्यांनी ती बंद केली आणि तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा अडलो.

"काहून अडून राह्यलं बे हे! लेकरू तिकडं पडलं हाये अन् याले नखरे सुचतात!"

मग त्यांनी तारखेची अटच खोडून टाकली. आता मला अडायला कारण उरलं नाही. मी मुकाट्यानं नुसती नावं आणि फोन नंबर दाखवले, तारीख कुणी मागितलीच नव्हती. सगळ्यात वर मुकुटबनच्या पूनमसिंगचं नाव होतं. पुंडलिकरावांनी फोन केला. पूनमसिंग वेचणी टाकून मोटरसायकलवर निघाला. विमलताई दवाखान्यात परतल्या. पुंडलिकरावांनी तर माझ्या माथ्यावर कौतुकानं थापही मारली.

मित्रांनो, ती थाप मला काट्यासारखी टोचली.

दुपारी विमलताईंचा फोन आला. डॉक्टरांनी पूनमसिंगला परत पाठवलं होतं. पोळ्याला तो बहिणीकडे आमच्या गावी आला होता आणि शिबिरात रक्त देऊन गेला होता. त्याला वाटलं, बोलावलं म्हणजे चालत असेल.

पुंडलिकराव पुन्हा माझ्यासमोर बसले. यादीतली बाकीची नावं समोर होती, पण त्यांतलं कोण चालेल ते कळत नव्हतं. त्यांनी फोन लावून पाहिले. वेचणीच्या दिवसांत फोन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर ठेवलेल्या पिशवीत वाजतात, ऐकायला जवळ कुणी नसतं. मग त्यांनी जमनीला शोधायला माणूस धाडला. ती वावरातून तशीच आली, कमरेला कापसाची ओटी बांधलेली.

"काका, सकाळी काय विचारलं होतं, तसंच लिहा."

त्यांनी लिहिलं. मी अडलो. जमनी चिडली नाही. तिनं सगळ्या अटी काढल्या आणि फक्त रक्तगटाची ठेवली. मी चाललो. मग तारखेची अट जोडली. मी अडलो. तिनं माझी पाटी शेवटपर्यंत वाचली आणि तिला हसू फुटलं.

"काका, इथं 'तान्हा पोळा' लिहिलं तुम्ही?"

"मंग काय लिहू? शिबिर तवाच होतं ना! अख्ख्या तालुक्याले माहीत हाये पोळा कधी होता."

"तालुक्याले माहीत हाये. याच्या पोटात कुठं पंचांग हाये? मीबी पहिल्यांदा होळीच लिहिली होती, काका. याले तारीख लागते."

पुंडलिकरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागं उलटली, पोळ्यावर बोट ठेवलं आणि तिथून पुढची तारीख खणखणीत वाचली. जमनीनं महिना आधी आणि दिवस नंतर असा लिहिला, दोन्ही बाजूंना # अशी जाळीची खूण घातली. मी क्षणात उत्तर दिलं. एकच नाव, पंचफुला. पलीकडच्या आळीतली. होळीनंतर तिनं रक्त दिलेलं नव्हतं.

पंचफुला वेचणीतच सापडली. "आधी कायले नाही सांगतलं बाप्पा? मी इथंच तर होती!" म्हणत ती पुंडलिकरावांच्या मागं गाडीवर बसली. सूर्य मावळायच्या आत तिचं रक्त खुशीच्या अंगात उतरू लागलं.

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारख्या यंत्रापुढे बसाल. ते अडलं तर त्याला थापडू नका आणि त्याचं तोंड बंद करायला अर्धा प्रश्न खोडू नका. जरा थांबा. ते कुठं बोट दाखवतं ते पाहा. प्रश्नाचे तुकडे करा आणि एकेक तुकडा जोडत चला. आमच्यावरची धूळ राहिली तरी चालेल, पण आमचं म्हणणं शेवटपर्यंत वाचत जा. आम्हाला सणवार कळत नाहीत, घाई कळत नाही, आईचा जीव कसा होतो तेही कळत नाही. जे कळत नाही तिथं अडायचं, एवढीच आमची रीत.

त्या सकाळी पुंडलिकरावांना वाटलं, मी खुशीच्या वाटेत आडवा पडलो. खरं तर अडलो होतो, तेवढा वेळच मी तिच्या बाजूनं उभा होतो.