बायकोच्या बोलण्याचं कुलूप

प्रशिक्षणातल्या पोरसवदा बाई म्हणाल्या होत्या, "सर, पासवर्ड म्हणून अख्खं वाक्य घ्या. फक्त तुमच्याच घरात ऐकू येणारं. आणि कुठंही लिहून ठेवू नका."

इतिहासाच्या सरांना घरात रोज ऐकू येणारं वाक्य एकच. बायकोचं. तेच त्यांनी कॉलेजच्या गुण भरायच्या खात्याला ठोकलं आणि खुशीत घरी आले.

घरी लेक बाळाला घेऊन आली होती. बाळ उठू नये म्हणून त्या दिवसापासून बायकोचा, म्हणजे आता आजीबाईंचा, आवाज जो खाली आला, तो आलाच. बोलणी बंद, म्हणजे सरांची उजळणी बंद. आणि आज चारच्या आत गुण भरले नाहीत, तर अख्ख्या वर्गाचा निकाल अडकणार होता. पासवर्ड दोनदा चुकला होता. आणखी एकदा चुकला की खातं सोमवारपर्यंत बंद.

"अगं, तू मला नेहमी काय म्हणतेस गं?"

"मी?" नातीला थोपटत आजीबाई कुजबुजल्या. "मी कुठं काय म्हणते? गरीब गाय मी."

सरांनी मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकला. गायीनं तो मुकाट उचलला, वर गोड हसली.

आता आठवेल ते टाकायचं, असं ठरवून ते चष्मा शोधू लागले. टेबल, उशी, फ्रिजसुद्धा. तेवढ्यात कोपर लागून स्टीलचा पेला खणखणत खाली गेला आणि नातीनं भोकाड पसरलं.

"डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या येड्याला पीएचडी दिली कुणी?"

"येड्याला!" सर आनंदानं ओरडले. पहिल्यांदा त्यांनी 'माणसाला' टाकलं होतं, मग 'विद्वानाला'. स्वतःचा इतिहास माणूस असाच दुरुस्त करून घेतो.

चष्मा नाकावर आला, खातं उघडलं, गुण भरून झाले. पुन्हा झोपलेल्या नातीला खांद्यावर घेऊन आजीबाई मागून बघत होत्या.

"माझी बोलणी लावलीत होय कुलपाला?"

"आता बदलावं लागेल. तुला कळलं ना."

आजीबाई वाकल्या आणि बाळ उठू नये अशा बेतानं कानात एक वाक्य बोलल्या. सरांचे कान लाल झाले.

"अगं, पण हेही तुला माहीतच की!"

"असू द्या. विसरलात तर विचारायला कुणीतरी हवं ना."