काचेच्या आतलं पत्र

माझ्या नाकावर राग असतो, असं बायको मला रोज सांगते, आणि रोज सांगते म्हणून मला आणखी राग येतो. तेवढं ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा. पण पुलाच्या तोंडाशी एका महिन्यात अकरा वेळा तुमची गाडी अडवली, तर तुमचंही डोकं फिरेल.

मी मोटारींच्या सीटची कव्हरं शिवतो आणि काचांना फिल्म लावतो. वीस वर्षं हेच काम. काळ्या काचांवर बंदी आली तेव्हा माझा निम्मा धंदा बसला, तरी मी हूं की चूं केलं नाही. गाडीत कोण बसलंय ते बाहेरून दिसलं पाहिजे, त्यात सगळ्यांचीच सुरक्षितता आहे, असं सरकारचं म्हणणं. म्हटलं, असेल बुवा. पण माझ्या स्वतःच्या गाडीच्या मागच्या काचा काळ्या आहेत आणि काळ्याच राहणार, कारण तिथं माझी मुलगी बसते.

तिला ऊन चालत नाही. आजाराचं नाव इतकं लांबलचक की आमच्या घरात कुणालाही ते एका दमात म्हणता येत नाही. पाच-सात मिनिटं उघड्या हातांवर ऊन पडलं की हात आतून भाजायला लागतात, मग सुजतात, आणि दोन-तीन दिवस तिला चमचासुद्धा धरता येत नाही. वरून फोड नाही की जखम नाही, त्यामुळे लोकांना वाटतं पोरगी नाटकं करतेय. पारदर्शक फिल्मनं तिचं भागत नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, साधा उजेडही तिला बाधतो. म्हणून घरात जाड पडदे, बाहेर हातमोजे, टोपी आणि चेहऱ्याभोवती ओढणी. सतरा वर्षांची आहे. गणितात आमच्या सगळ्या खानदानाला खिशात घालेल. स्वतःला वटवाघूळ म्हणवून घेते आणि वर हसते. मला नाही हसू येत.

काळ्या काचांसाठी वाहतूक कार्यालयाचं परवानगीचं पत्र आहे आमच्याकडे. ते मिळवताना मी किती खेटे घातले ते सांगत बसत नाही, रक्तदाब वाढतो. पत्राच्या पुढच्या बाजूला गाडीचा नंबर, कारण, साहेबांची सही आणि गोल शिक्का. दर वर्षी मुदत वाढवायची आणि तिचा शिक्का मागच्या बाजूला मारून घ्यायचा.

शाळा पुलापलीकडे, आणि पुलाच्या तोंडाशी चौकी. शिट्टी वाजते, हात आडवा होतो, गाडी बाजूला घ्या. काच खाली करा. ती खाली करता येत नाही. का येत नाही? मग पत्र काढा, ते साहेब वाचणार, पुन्हा वाचणार, मागे वाकून मुलीकडे बघणार. "हिला काय झालंय?" मी सांगायचं. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, माझ्या पोरीला काय झालंय ते मी दर दोन दिवसांनी एका नव्या माणसाला सांगायचं. ती मान खाली घालून हातमोजे ओढत बसायची. माझ्या डोक्यात तिडीक जायची. चौकीवर एक जुना हवालदार होता, त्याला आम्ही मामा म्हणायचो. तो असला की लांबूनच 'जाऊ दे' असा हात करायचा. पण मामा रोज कुठून असणार?

"पत्र दाखवायला तुमचं काय जातं?" बायको म्हणायची. "दाखवा, निघा. अर्ध्या मिनिटाचं काम."

"माझी गाडी, माझी मुलगी. मी काय चोर आहे?"

"चोर कोण म्हणतंय? तुम्हीच म्हणताय."

अकराव्या वेळी मी घरी आलो तो दातओठ खातच. कुणापुढेही पुन्हा खिशात हात घालायचा नाही, असं ठरवून टाकलं आणि कारागिराच्या डोक्यात यावी अशी एक नामी युक्ती काढली. पत्र एका पारदर्शक पिशवीत हवाबंद केलं, कारण फिल्म लावताना साबणाचं पाणी मारावं लागतं. मग मागच्या डाव्या दाराच्या काचेवरची जुनी फिल्म काढली, पत्र आतून काचेला लावलं, मजकूर बाहेरच्या बाजूला, आणि त्यावरून दुकानातली सगळ्यात भारी फिल्म चढवली. रबरी पट्टीनं एकेक बुडबुडा बाहेर काढला. बाहेर उभा असलेला कुणीही आता दार न उघडता पत्र वाचू शकत होता. वाचा आणि चालते व्हा. बायकोला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "छान दिसतंय." मुलीनं काचेवरून नुसता हात फिरवला.

चार दिवस युक्ती झकास चालली. गाडी अडवायचे, काचेशी वाकायचे, ओठ हलवत वाचायचे आणि हात करायचे. मी मान वळवूनसुद्धा बघत नव्हतो. खोटं कशाला बोलू, छाती दोन इंच फुगली होती.

पाचव्या दिवशी तिचा गणिताचा पेपर होता, शेवटच्या वर्षाचा. साडेदहाला शाळेचं फाटक बंद, त्यानंतर कुणालाही आत घेत नाहीत. तिच्यासाठी खिडक्यांना कागद लावलेली वेगळी खोली मिळाली होती. या एका पेपरावर तिचं पुढचं कॉलेज ठरणार होतं, आणि वर्षभर तिनं दुसरा विषय काढला नव्हता. आम्ही साडेनऊला निघालो. पावणेदहाला पुलाशी शिट्टी वाजली.

मामा नव्हता. कोवळ्या चेहऱ्याचा, कडक इस्त्रीचा एक फौजदार होता. आधी कधी पाहिलेला नव्हता. मी मागच्या काचेकडे बोट केलं. त्यानं वाकून सगळं वाचलं.

"मुदत कधीपर्यंत आहे?"

"मागच्या बाजूला शिक्का आहे."

"मग मागची बाजू दाखवा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या बाजूला चिकटलेली होती माझी भारी फिल्म, काळीकुट्ट. आतून बघा नाहीतर बाहेरून, तो शिक्का काही दिसणार नव्हता. वीस वर्षं काचांशी खेळलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं आपलं कागदपत्र गाडून टाकलं होतं.

चूक कळली की शहाणा माणूस चूक कबूल करतो. मी गाडीतून उतरलो आणि दार धाडकन लावलं.

"चार दिवस याच चौकीवर हेच पत्र चाललं," मी म्हणालो. "आजच काय बिघडलं?"

"ते त्यांनी चालवून घेतलं, काका. मला मुदत बघावी लागेल. नाहीतर कार्यालयात फोन करतो, ते नोंद शोधतील. अर्धा तास धरून चाला."

"तिचा पेपर आहे! साडेदहाला फाटक बंद होतं."

"मग फिल्म जरा सोडवा ना. एक मिनिट लागेल."

एक मिनिट! माझ्या हातची फिल्म, आणि हा म्हणतो एक मिनिट. सकाळचं ऊन नेमकं त्याच बाजूनं गाडीवर येत होतं. मी म्हणालो, "फिल्म निघणार नाही. तुम्हाला फोन करायचा तर करा."

त्यानं खरंच फोन लावला. पलीकडून कुणीतरी त्याला थांबायला सांगितलं. फोन कानाशी धरूनच तो म्हणाला, "काका, तुम्हाला राग येतोय ते कळतंय मला. पण मागच्या पंधरवड्यात याच चौकीवरून काळ्या काचांची एक गाडी गेली. आत सहा वर्षांची मुलगी होती, पळवून नेलेली. ड्रायव्हरनं कसलासा कागद हलवला आणि आमच्या माणसानं वाकून न बघता सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी ती सापडली. जिवंत होती, एवढंच म्हणायचं. तो माणूस घरी बसलाय आता. मी प्रत्येक कागद वाचतो."

त्याचं बरोबर होतं. त्या क्षणीसुद्धा मला ते कळत होतं, आणि त्यामुळे मी जास्तच चिडलो. चुकीच्या माणसाशी भांडणं सोपं असतं.

"म्हणजे मी माझ्याच मुलीला पळवून नेतोय?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलं? अकरा वेळा, साहेब! अकरा वेळा मी इथं तिच्या आजाराची दवंडी पिटली. तुमच्यातल्या एकालाही ते लक्षात ठेवता येत नाही? सुरक्षिततेच्या नावाखाली माणसाला त्याच्याच गाडीत चोरासारखं बसवायचं, ही कुठली पद्धत? दार लावून, पडदे ओढून, गपचूप जगायचा काही हक्क आहे की नाही आम्हाला?"

तोंडाचा पट्टा एकदा सुटला की मला आवरत नाही. गाडीकडे पाठ करून मी बोलत होतो. आजूबाजूच्या गाड्या हळू होत होत्या, एका रिक्षावाल्यानं तर मान डोलावून मला साथ दिली. मला जोर चढला. हक्काबद्दल बोललो, कर भरतो त्याबद्दल बोललो, बंदीनं माझा धंदा बसला तेही सांगून टाकलं. फौजदार एक हात वर करून मला थांबवायला बघत होता, दुसऱ्या हातात फोन. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. नंतर घड्याळ पाहिलं तेव्हा कळलं, पंधरा मिनिटं.

मधेच त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. "अहो काका," तो म्हणाला, "ती काय करतेय?"

मी वळलो.

डाव्या काचेचा वरचा कोपरा उघडा झाला होता. उन्हाची चौकोनी पट्टी आत पडली होती, आणि त्या पट्टीत माझ्या मुलीचे दोन हात होते. हातमोजे नव्हते. ती नखांनी फिल्म सोलत होती. कोपऱ्यातून नख घालायचं, फिल्म स्वतःकडे न ओढता काचेलगत खाली न्यायची, फाटली तर पुन्हा कडेपासून सुरुवात. लहानपणी दुकानात बसून तिनं हे शेकडो वेळा बघितलं होतं. हातमोजे घालून ते जमत नाही. भारी फिल्म होती, बोटभर सुटायची आणि फाटायची. सोलण्याचं पातं माझ्या पेटीत होतं, पेटी डिकीत, आणि मी रस्त्यावर भाषण देत होतो.

मी दार उघडलं तोवर पत्र तिच्या हातात आलं होतं. माझ्या बगलेखालून तिनं ते फौजदारापुढे धरलं.

"मागे शिक्का आहे, सर," ती म्हणाली. "अजून सात महिने बाकी आहेत. आणि हे माझे बाबाच आहेत."

त्यानं शिक्का वाचला. फोन बंद केला. मग झटकन स्वतःची टोपी काढून तिच्या हातांवर धरली. आता त्या टोपीचा काय उपयोग होता? पण त्याला सुचलं. मला तेवढंही सुचलं नव्हतं.

"निघा, काका. लवकर निघा. पुढच्या सिग्नलला मी सांगून ठेवतो."

मी शर्ट काढून त्या काचेवर अडकवला आणि बनियनवर गाडी चालवली. ती उजवीकडे सरकून बसली होती, हात ओढणीत गुंडाळलेले. मी आरशातून विचारलं, "फार भाजतंय का?" ती म्हणाली, "समोर बघा, बाबा." दहा वाजून पंचवीस मिनिटांनी ती फाटकातून आत गेली. मला केवढं हायसं वाटलं! आपण जिंकलो असंच वाटलं, काय सांगू.

पाऊण तासानं ती एका बाईंबरोबर बाहेर आली. बाई पर्यवेक्षक होत्या. म्हणाल्या, तिला पेन धरता येत नाही, बोटं मिटतच नाहीत. ओला रुमाल देऊन, थोडं थांबूनही पाहिलं, असं त्याच सांगत होत्या. मी म्हणालो, मग लिहायला कुणीतरी द्या, ती सांगेल, तो लिहील. बाई म्हणाल्या, त्यासाठी पंधरा दिवस आधी अर्ज करावा लागतो. नियम आहे.

मी तोंड उघडलं. हो, पुन्हा उघडलं. हा कुठला नियम, तुमच्या समोर तिची बोटं दिसत नाहीत का, असं सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. मुलीनं कोपरानं मला ढकललं, कारण हातानं ढकलता येत नव्हतं.

"नको, बाबा. घरी चला."

गाडीत बसल्यावर मी आधी तिचे हात बघितले. बोटं लालबुंद होती, कातडी ताणून चकाकत होती. किती सोडवलं, असं विचारलं. पहिल्या पानावरचे तीन प्रश्न, ती म्हणाली. बाकीचे येत होते, सगळे येत होते. हा पेपर पुन्हा द्यायचा तो आता सहा महिन्यांनी.

"त्या फौजदाराची तक्रारच करतो मी," मी म्हणालो. "शाळेचीही करतो. असं कुणाला तरी..."

"त्याचं काही चुकलं नाही."

"म्हणजे माझं चुकलं?"

ती खिडकीकडे बघत होती, माझा शर्ट लटकत होता तिकडे. रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही बोललात ते सगळं बरोबर होतं, मी ऐकत होते ना आतून. दोनदा तुम्हाला हाकसुद्धा मारली. पातं कुठंय, एवढंच विचारायचं होतं."