भव्याच्या रक्तातला जंतू

प्रयोगशाळेतल्या हंबीररावांच्या हातून न्यूमोकोकस मरत नाही, हे बसवनगुडीतल्या हॉस्पिटलात सगळ्यांना पाठ होतं. आणि हे काही साधंसुधं नाही हं! हा जंतू माणसाला मारतो खरा, पण स्वतः भारी नाजूक. दोन-चार दिवस दुर्लक्ष केलंत की बशीतल्या बशीत विरघळून जातो. त्याला रक्त लागतं, म्हणून हंबीरराव आनेकल गावाहून मेंढीचं रक्त आणवत. ते घालून काचेची बशी तयार करायची, तिच्यावर जंतू पसरायचा, बशी बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती विझल्यावर उरलेली हवा त्याला मानवते. मग एक दिवसाआड तिथली एक वसाहत, म्हणजे जंतूंचा वाढलेला ठिपका, उचलून नव्या बशीवर. वीस वर्षं त्यांनी हे केलं होतं आणि त्याचा त्यांना चांगलाच ताठा होता.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत भव्या गेली. हंबीररावांच्याच गल्लीतल्या रणजीतची दीड वर्षाची पोर. मेंदूज्वर झाला आणि तीन दिवसांत खेळ आटोपला. तिच्या रक्तात न्यूमोकोकस सापडला. डॉक्टर प्रेमा ह्याच जंतूचा अभ्यास करत होत्या, म्हणून त्यांनी घरातल्या दोघी बायकांच्या घशातलेही नमुने घेतले. एक भव्याची आई हर्षिता, दुसरी आत्या सोयराबाई. नवरा गेल्यापासून सोयराबाई भावाकडेच राहायच्या आणि पोर दिवसभर त्यांच्या कडेवर असायची. जंतू दोघींच्याही घशात निघाला.

सोयराबाईंना त्या हिवाळ्यात खोकला होता. हर्षिताला तेवढं पुरलं. "तुमच्या खोकल्यानं नेली माझी पोर," ती सगळ्यांदेखत म्हणाली. रणजीत उठून बाहेर गेला.

"अहो, हा जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या घशात असतो," डॉक्टर प्रेमांनी हर्षिताला समजावलं. "त्याचे ऐंशी-नव्वद प्रकार आहेत. दिसायला सगळे सारखे, पण प्रत्येकाची जनुकं वेगळी, म्हणून अंगावरचं कवचही वेगळं. काही घशातच गप्प राहतात, काही त्या कवचाच्या जोरावर रक्तात घुसतात. भव्याचा प्रकार सोयराअक्कांच्या प्रकाराशी जुळला नाही, तर त्यांच्यावर आळ नको." प्रकार ओळखायचं औषध परदेशातून यायचं होतं. त्याला तीन आठवडे लागणार होते. तिन्ही नमुने आजच साय काढलेल्या दुधात घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा, तिथे ते जसेच्या तसे टिकतात, असं त्यांनी हंबीररावांना बजावलं.

हंबीररावांनी दोघींचे ठेवले. भव्याचा नाही ठेवला. वीज रोज दोन-दोन तास जायची, आणि त्या पोरीचं शेवटचं जे काही उरलंय ते फ्रीजरच्या भरवशावर टाकायला त्यांचं मन घेईना. आजोबा म्हणून 'ताता, ताता' करत ती त्यांच्याकडे झेप घ्यायची हो! तो जंतू त्यांनी स्वतःच्या हातात ठेवला. रविवारीसुद्धा येऊन नवी बशी करायचे.

पहिल्या बशीवरच्या वसाहती होत्या ओलसर, चकचकीत, एकमेकींत ओघळलेल्या. असला गचाळपणा हंबीररावांना खपायचा नाही. सुटी, कोरडी, नीटनेटकी वसाहत दिसली की तीच उचलायची, हा त्यांचा जुना शिरस्ता. ह्याही वेळी तशीच उचलली. दर खेपेला तशीच.

औषध आलं. हर्षिताचा एक प्रकार निघाला, सोयराबाईंचा दुसरा. भव्याचा कशाशीच जुळेना. डॉक्टर प्रेमांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

"ह्याच्यावर कवचच नाही, हंबीरराव. कवच घडवणारं जनुक बिघडलेले एक-दोन जंतू बशीत असतातच. कोरड्या वसाहती त्यांच्याच. तुम्ही नेमके तेच वाढवत आलात. हा आता उंदरालाही मारायचा नाही. दुधातला काढा बरं."

दुधातला नव्हताच, हे हंबीररावांना कबूल करावं लागलं. डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त 'प्रकार ठरवता आला नाही' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "घरच्यांना तुम्हीच सांगा. तुमच्याच गल्लीतले ना."

दुपारी सोयराबाई स्वतःच आल्या. हंबीररावांनी काही लपवलं नाही. कोरड्या वसाहती, फ्रीजर, आपला हट्ट, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझा असेल, नाहीतर हर्षिताचा," सोयराबाई म्हणाल्या.

"नाहीतर तिसऱ्याच कुणाचा. अक्का, चूक माझी आहे. मला माफ करा."

सोयराबाई बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "अण्णा, हर्षिताला पुन्हा दिवस गेलेत. स्वल्पच दिवस झालेत, अजून कुणाला बोलली नाही, पण मला कळलंय. आपलाच असेल हे एकदा तिच्या डोक्यात शिरलं तर ती त्या बाळाला जवळ तरी घेईल का? तिला सांगा, माझा होता."

"छे छे! भलतंच काय? जे बशीत दिसलं नाही ते मी कसं सांगू?"

"बशीत दिसायचं ते तुम्ही घालवलंत ना?" त्यांनी आवाज चढवलाही नाही. "कागदावर लिहू नका. तोंडानं सांगा. तुमचं ती ऐकेल. मी आनेकलला नणंदेकडे जाते."

हंबीररावांना नाही म्हणायचं होतं. पण कुठल्या तोंडानं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षिता त्यांच्या घराच्या दारात उभी. "अण्णा, कुणाचा निघाला?"

"सोयराअक्कांचा," हंबीरराव म्हणाले. जीभ कशी वळली, देव जाणे.

हर्षितानं भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल झाला.

"मला माहीतच होतं," ती म्हणाली. "काल न सांगता निघूनच गेल्या. मनात पाप असल्याशिवाय का कुणी असं जातं? आता आल्या तरी मी उंबरा ओलांडू देणार नाही."

ते खोटं तसंच ठेवून हंबीररावांनी हॉस्पिटलची वाट धरली.